लष्कर सरकारचं ऐकतं, एवढं पुरेसं आहे का?

३ डिसेंबर २०२४ ची रात्र. दक्षिण कोरियाची राजधानी सोल. साडेदहाच्या सुमारास राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल टीव्हीवर आले आणि देशात लष्करी कायदा लागू केल्याचं सांगून मोकळे झाले. थोड्याच वेळात फतवा निघाला: संसदेचं कामकाज बंद, पक्षांच्या हालचाली बंद, सभा-मोर्चे बंद, सगळी प्रसारमाध्यमं लष्कराच्या देखरेखीखाली. हेलिकॉप्टरं संसदेच्या आवारात उतरली. खास दलाचे जवान खिडक्या फोडून इमारतीत शिरले. आतल्या कर्मचाऱ्यांनी खुर्च्या, टेबलं, सोफे ओढून दारांना लावले, कोणी आग विझवायच्या नळकांड्यांचे फवारे मारले. बाहेर पोलिसांनी फाटकं अडवलेली, म्हणून खासदार कुंपणावरून चढून आत येत होते. साठी उलटलेले सभापतीसुद्धा कुंपण चढूनच आले.

रात्री एकच्या सुमारास ३०० पैकी १९० खासदार सभागृहात होते. त्यांनी लष्करी कायदा उठवण्याचा ठराव केला, विरोधात एकही मत नाही. कोरियाच्या राज्यघटनेत स्पष्ट लिहिलेलं आहे की संसदेने एकूण सदस्यांच्या बहुमताने मागणी केली, तर राष्ट्राध्यक्षाला लष्करी कायदा मागे घ्यावाच लागतो. पहाटे साडेचारच्या सुमारास तो मागे घेतला गेला.

या सगळ्या धावपळीत एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. त्या रात्री लष्कराने बंड केलं नव्हतं. कुठल्याही सेनापतीने सत्ता बळकावली नव्हती. हुकूम देणारा माणूस लोकांनी निवडून दिलेला होता, गणवेशातला नव्हता, पूर्वाश्रमीचा सरकारी वकील होता. आणि लष्कर त्याचं ऐकत होतं.

‘लष्कर मुलकी सत्तेच्या ताब्यात असावं’ हे वाक्य आपण शाळेतल्या नागरिकशास्त्रापासून ऐकत आलो आहोत. त्या वाक्याच्या तराजूत ती रात्र घातली तर काही चुकलेलं दिसत नाही. तरी जवान संसदेच्या खिडक्या फोडत होतेच. याचा अर्थ वाक्यातच काहीतरी राहून गेलंय. नेमकं काय राहिलंय, ते शोधण्यासाठी हा लेख.

आधी सोपा भाग. लष्कराकडे रणगाडे असतात, दारूगोळा असतो, स्वतःची दळणवळण यंत्रणा असते, आणि हुकूम आला की लगेच हलायची सवय असते. देशात दुसऱ्या कोणाकडे हे सगळं एकत्र नसतं. त्यामुळे ज्याला राखणदार म्हणून ठेवलं, तो मनात आणील तर एका रात्रीत घरमालक होऊ शकतो. पाकिस्तानात १९५८, १९७७ आणि १९९९ असं तीनदा झालं, चिलीत १९७३ ला झालं, म्यानमारमध्ये अगदी अलीकडे, १ फेब्रुवारी २०२१ ला.

असं झालं की हक्कांचं काय होतं, ते अर्जेंटिनाने सगळ्यात भयानक रीतीने पाहिलं. २४ मार्च १९७६ ला तिन्ही दलांच्या प्रमुखांनी राष्ट्राध्यक्ष इसाबेल पेरॉन यांना हटवून सत्ता घेतली. पुढची सात वर्षं माणसं घरातून, रस्त्यातून, कारखान्यातून उचलली जात. कुठल्या ठाण्यात नोंद नाही, कोर्टापुढे हजर केलेलं नाही. ब्युनोस आयर्समधली नौदलाची एक तांत्रिक शाळा सगळ्यात कुप्रसिद्ध छळछावणी बनली. कित्येकांना गुंगीचं इंजेक्शन देऊन विमानातून पाण्यात फेकलं गेलं. आई कोर्टात अर्ज करी, माझ्या मुलाला हजर करा म्हणून. उत्तर येई: या नावाचा माणूस आमच्या ताब्यात नाही. १९७७ पासून या आया दर गुरुवारी, डोक्याला पांढरा रुमाल बांधून, राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीसमोरच्या चौकात फेऱ्या मारू लागल्या. लोकशाही परत आल्यावर नेमलेल्या आयोगाने जवळपास ९,००० बेपत्तांची नोंद केली. मानवी हक्क संघटना आजही ३०,००० हा आकडा सांगतात.

छळ आणि खून तर होतेच, पण माझ्या मते या व्यवस्थेचं मर्म त्या कोर्टाच्या उत्तरात आहे. ज्याने माणूस उचलला तोच सरकार, तोच गृहखातं, कोर्टाला कागद पुरवणाराही तोच. तक्रार करायला तिसरा माणूसच उरत नाही. मानवी हक्क हे शेवटी ‘तक्रार करायला तिसरा कोणीतरी आहे’ यावर उभे असतात. लष्कर सत्तेत आलं की तो तिसरा जातो.

इथपर्यंत नागरिकशास्त्राचं पुस्तक बरोबर आहे. आता गाडी अडते ती पुढे.

१३ एप्रिल १९१९, जालियनवाला बाग. जनरल डायरच्या सैनिकांनी सुमारे दहा मिनिटांत १,६५० फैरी झाडल्या. सरकारी आकड्याप्रमाणे ३७९ माणसं मेली, काँग्रेसच्या चौकशीने हा आकडा हजाराच्या आसपास धरला. डायर सगळ्यांना आठवतो, पण त्याच्या वरच्या माणसाकडे पाहू. पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर मायकेल ओडवायर हा लष्करी नव्हता, मुलकी सेवेतला अधिकारी होता. त्याच्याकडून डायरला कळवलं गेलं की तुमची कृती बरोबर आहे, लेफ्टनंट गव्हर्नरची तिला मंजुरी आहे. म्हणजे लष्करावर मुलकी सत्ता होतीच की! फक्त ती मुलकी सत्ता अमृतसरच्या माणसाला उत्तर द्यायला बांधील नव्हती. तिचं उत्तरदायित्व समुद्रापलीकडे होतं.

दुसरं उदाहरण याहून टोकाचं. हिटलरच्या आधीच्या प्रजासत्ताकात, म्हणजे वायमार काळात, जर्मन सैनिक राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घेत. २ ऑगस्ट १९३४ ला राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग वारले आणि त्याच दिवशी सैनिकांना नवी शपथ देण्यात आली: ॲडॉल्फ हिटलर या माणसाची विनाशर्त आज्ञा पाळीन. नावानिशी. पुढे जे झालं त्यात लष्कराने राज्यकर्त्याचं ऐकलं नाही अशी तक्रार कोणालाच करता येणार नाही. उलट युद्धानंतर कित्येक अधिकारी म्हणाले, शपथ घेतली होती, काय करणार.

म्हणून मला वाटतं, हे दोरखंड दोन आहेत आणि आपण एकाचीच चर्चा करतो. पहिला लष्कराला सरकारशी बांधतो. दुसरा सरकारला कायद्याशी, संसदेशी आणि कोर्टाशी बांधतो. पहिला तुटला की अर्जेंटिना होतं. पहिला घट्ट आणि दुसरा तुटलेला असेल तर? तर लष्कर राज्यकर्त्याच्या हातातली काठी होतं, आणि काठी कोणाच्या पाठीत बसते हे काठी ठरवत नाही. सोलमध्ये त्या रात्री पहिला दोर ताणलेला होता. देश वाचला तो दुसऱ्या दोरावर.

हे दोर प्रत्यक्षात कशाचे वळलेले असतात? भाषणांचे तर नक्कीच नाहीत. बऱ्याचदा ते अगदी रुक्ष, कारकुनी गोष्टींचे असतात, आणि मला यातला सगळ्यात मजबूत धागा पैशाचा वाटतो.

इंग्लंडच्या राजाशी भांडून तिथल्या संसदेने १६८९ च्या हक्कांच्या सनदेत एक वाक्य घातलं: शांततेच्या काळात संसदेच्या संमतीशिवाय खडी फौज ठेवणं बेकायदा आहे. त्या वाक्याची सावली आजपर्यंत टिकली आहे. ब्रिटनमधला सशस्त्र दलांचा कायदा दर पाच वर्षांनी संसदेकडून नव्याने करून घ्यावा लागतो. नाही केला, तर शिस्त लावायचा कायदेशीर आधारच जातो. अमेरिकेच्या घटनाकारांनी तोच धागा उचलून लिहिलं की लष्करासाठी दोन वर्षांहून जास्त मुदतीचा पैसा एका वेळी मंजूर करता येणार नाही. सेनापती कितीही लोकप्रिय असो, त्याला दोन वर्षांनी पुन्हा लोकप्रतिनिधींच्या दारात यायचंच आहे.

याच्या उलट चिली. तिथे १९५८ च्या एका गुप्त कायद्याने तांब्याच्या उत्पन्नातला वाटा थेट लष्कराच्या शस्त्रखरेदीसाठी राखला होता. लष्करी हुकूमशहा पिनोशेच्या काळात तो सरकारी तांबे कंपनीच्या निर्यातविक्रीच्या १० टक्के इतका झाला. जगात तांब्याचा भाव चढला की लष्कराची तिजोरी आपोआप भरे, संसदेने हात वर करायची गरजच नाही. १९९० मध्ये लोकशाही परतली, तरी पिनोशे मार्च १९९८ पर्यंत लष्करप्रमुख म्हणून बसून होता. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की कळतं, निवडून आलेलं सरकार त्याच्याशी इतकं जपून का बोलत होतं. तांब्याचा तो कायदा रद्द व्हायला २०१९ उजाडलं.

पैशानंतर खुर्च्या. कोणत्या खुर्चीवर कोण बसणार आणि तिथे कोण नेमणार? या बाबतीत म्यानमारची २००८ ची राज्यघटना अभ्यासण्यासारखी आहे, चोराने कुलूप बनवावं तशी ती आहे. संसदेतल्या एक चतुर्थांश जागा लष्करप्रमुख भरणार. घटनादुरुस्तीला ७५ टक्क्यांहून जास्त मतं लागणार. हिशेब साधा आहे: लष्कराच्या मर्जीशिवाय अक्षर बदलत नाही. संरक्षण, गृह आणि सीमाभाग या तीन खात्यांचे मंत्रीही लष्करप्रमुख देणार. २०१५ ची निवडणूक आंग सान सू ची यांच्या पक्षाने प्रचंड फरकाने जिंकली, जगाने टाळ्या वाजवल्या, पण पोलिस ज्याच्या हाताखाली तो गृहमंत्री लष्कराचाच होता. ऑगस्ट २०१७ पासून लष्कराच्या मोहिमेपुढे सात लाखांहून जास्त रोहिंग्या सीमा ओलांडून बांगलादेशात गेले. मुलकी सरकारकडे ते थांबवायची सत्ता नव्हती, हे खरं. थांबवायची इच्छाही दिसली नाही, हेही तितकंच खरं, कारण डिसेंबर २०१९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात देशाची बाजू मांडायला सू ची स्वतः गेल्या. घटनेतलं कुलूप लष्कराने बसवलेलं होतं, पण दाराबाहेर उभं राहून त्याची राखण त्यांनी केली. चौदा महिन्यांनी त्याच लष्कराने त्यांना अटक केली.

अमेरिकेत संरक्षणमंत्र्याने गणवेश उतरवून किमान काही वर्षं लोटलेली असावीत असा १९४७ पासून कायदा आहे, तेव्हा दहा वर्षं, २००८ मध्ये ती सात झाली, आणि आता सेनापतीच्या हुद्द्याच्या अधिकाऱ्यांसाठी पुन्हा दहा. तीनदा संसदेने खास सूट दिली: १९५० ला मार्शल, २०१७ ला मॅटिस, २०२१ ला ऑस्टिन. नियमाला अपवाद करता येतो, पण त्यासाठी मतदान घ्यावं लागतं, आणि ते उघड्यावर होतं. मला हे आवडतं. तिथलंच आणखी एक नेहमीचं उदाहरण म्हणजे ट्रुमन आणि मॅकआर्थर. कोरियन युद्ध चीनपर्यंत नेण्याबद्दल सेनापती सरकारच्या धोरणाविरुद्ध जाहीरपणे बोलत राहिला, एप्रिल १९५१ मध्ये राष्ट्राध्यक्षाने त्याला घरी बसवलं. सेनापती तुफान लोकप्रिय होता, तरी गेला. यावर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत, पुढे जाऊ.

सामान्य माणसाच्या दृष्टीने खरी गाठ पडते ती लष्कर बराकीतून रस्त्यावर येतं तेव्हा. पोलिसाला शिकवलेलं असतं की समोरचा माणूस नागरिक आहे, त्याला आवरायचं, पकडायचं, कोर्टात न्यायचं. सैनिकाला शिकवलेलं असतं की समोरचा शत्रू आहे. दोघांच्या हातातली हत्यारं वेगळी, बोट ट्रिगरवर जायची वेळ वेगळी. सैनिक वाईट असतो म्हणून गडबड होत नाही. तो त्याच्या कामात तरबेज असतो आणि आपण त्याला भलत्याच कामाला लावतो.

३० जानेवारी १९७२ ला उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात नागरी हक्कांच्या मोर्चावर ब्रिटिश छत्रीदलाने गोळीबार केला. १३ माणसं त्या दिवशी गेली, एक जखमी नंतर. घाईने झालेल्या पहिल्या चौकशीने सैनिकांना जवळपास मोकळं सोडलं. नातेवाइकांनी पिच्छा सोडला नाही. दुसरी चौकशी १९९८ ला सुरू झाली, तिचा अहवाल जून २०१० मध्ये आला: मेलेल्यांपैकी कोणापासूनही सैनिकांच्या जिवाला धोका नव्हता. पंतप्रधानांनी संसदेत उभं राहून माफी मागितली. मधे ३८ वर्षं गेली होती. कित्येक आईबाप तोवर गेले होते.

म्हणून बऱ्याच देशांनी या उंबऱ्यावर कायद्याचा अडसर घातलाय. अमेरिकेत १८७८ चा कायदा लष्कराला पोलिसी कामाला जुंपायला मनाई करतो, अपवाद आहेत पण ते कायद्यातूनच यावे लागतात. अर्जेंटिनाने होरपळून घेतल्यावर १९८८ मध्ये बाहेरचं संरक्षण आणि आतली सुरक्षा यांची कायद्यात फारकत केली. भारतात जमाव पांगवायला सैन्य बोलवायचं तर ते कार्यकारी दंडाधिकाऱ्याने बोलवावं, आणि सैन्याने कमीत कमी बळ वापरावं, माणसाला आणि मालमत्तेला कमीत कमी इजा करावी, असं फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात लिहिलेलं आहे. जुन्या संहितेत होतं, २०२३ च्या नव्या संहितेतही आहे.

पण त्याच भारतात १९५८ चा सशस्त्र दलांना विशेष अधिकार देणारा कायदाही आहे. ‘अशांत’ घोषित केलेल्या भागात तो लागू होतो आणि तिथे जवानावर खटला भरायचा तर आधी केंद्र सरकारची परवानगी लागते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगालाही सशस्त्र दलांबद्दलच्या तक्रारीत स्वतः तपास करता येत नाही, सरकारकडून अहवाल मागवायचा आणि शिफारस करायची, एवढंच. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये हा कायदा घटनात्मक ठरवला, मात्र जवानांनी काय करावं आणि काय करू नये याच्या सूचना बंधनकारक केल्या. मग जुलै २०१६ मध्ये मणिपूरमधल्या मृत्यूंच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितलं की अशांत भागातसुद्धा वाजवीपेक्षा जास्त बळ वापरायची मुभा लष्कराला नाही. इथे लष्कर मुलकी सत्तेच्या पूर्ण ताब्यात आहे, याबद्दल दुमत नाही. वाद दुसऱ्या दोराबद्दलचा आहे: परवानगीची किल्ली ज्याच्या खिशात, त्यानेच जवान पाठवलेले असतात.

खटला कुठे चालतो, हा यातलाच पुढचा प्रश्न. २५ ऑगस्ट १९७४ ला मेक्सिकोच्या गेरेरो प्रांतात लष्कराच्या एका नाक्यावर रोसेंदो रादिया या माणसाला बसमधून उतरवून घेतलं, त्यानंतर तो परत दिसला नाही. कुटुंबाने वर्षानुवर्षं दारं ठोठावली, प्रकरण शेवटी लष्करी कोर्टाकडे ढकललं गेलं. नोव्हेंबर २००९ मध्ये आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने मेक्सिकोला दोषी धरलं आणि बजावलं की नागरिकाच्या हक्कांवर घाला घातल्याचा आरोप असेल तर सैनिकाचा खटला साध्या कोर्टात चालला पाहिजे. २०१४ मध्ये मेक्सिकोने लष्करी न्यायसंहिता त्याप्रमाणे बदलली. लष्करी कोर्ट असावंच, शिस्तीसाठी, रजेवरून उशिरा परतलेल्यासाठी, पहाऱ्यावर झोपलेल्यासाठी. पण मारेकऱ्याच्या भावकीने पंचायत भरवून मयताच्या घरच्यांना न्याय द्यावा, ही अपेक्षा कोणी करू नये.

साध्या कोर्टात खेचणंही सोपं नसतं. अर्जेंटिनाने १९८५ मध्ये सत्ताधारी सेनापतींवर साध्या न्यायालयात खटला चालवून दाखवला, विडेला आणि मासेरा या दोघांना जन्मठेप झाली. जगात असं फार क्वचित घडलंय. पण तपास मधल्या फळीतल्या अधिकाऱ्यांपर्यंत पोचू लागला तशा बराकी धुमसू लागल्या. १९८७ च्या ईस्टरला तोंडाला काळं फासलेल्या अधिकाऱ्यांनी छावणीत उठाव केला, आणि त्याच वर्षी कायदा झाला की वरिष्ठांचा हुकूम पाळणाऱ्यांना शिक्षा नाही. पुढे सेनापतींनाही माफी मिळाली. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला, तेव्हा कुठे खटले पुन्हा उभे राहिले. राष्ट्राध्यक्ष राउल अल्फोन्सिन यांना १९८७ च्या माघारीबद्दल लोकांनी बरंच सुनावलं. मला त्यांना दोष देववत नाही. ज्याच्या दाराशी रणगाडे उभे आहेत त्याने किती ताणावं, हे आपण लांबून सांगणं सोपं आहे.

‘वरिष्ठांचा हुकूम’ या शब्दांपाशी मात्र थांबायला हवं, कारण सगळा गुंता तिथे एका माणसाच्या हातात येतो.

२९ ऑक्टोबर १९५६, इस्रायल, जॉर्डनच्या सीमेजवळचं कफ्र कासिम हे अरब गाव. सुएझ युद्धाचा पहिला दिवस. या भागातली संचारबंदी त्या दिवशी अचानक अलीकडे ओढून संध्याकाळी पाचला आणली गेली. गावच्या मुखियाला हे साडेचारला कळलं. तो म्हणाला, माझी शेकडो माणसं शेतात, कामावर आहेत, त्यांना अर्ध्या तासात कसं कळवू? काळजी करू नका, त्यांचं पाहू, असं त्याला सांगण्यात आलं. वरून आलेला हुकूम होता की संचारबंदीत बाहेर दिसेल त्याला गोळी घाला. ज्यांना माहीतच नाही, असे परतणारे लोक आले तर, असं आपण ब्रिगेडच्या प्रमुखाला विचारलं, असं बटालियनचा मेजर पुढे कोर्टात म्हणाला, आणि मिळालेलं उत्तर मेलेल्या माणसासाठी अरबीत म्हणतात ते होतं: अल्ला त्याच्यावर दया करो. ब्रिगेडप्रमुखाने हे नाकारलं. पाचनंतर सायकलवरून, गाडीतून, ट्रकमधून लोक परतत राहिले, आणि गावाच्या वेशीवर त्यांना उतरवून मारण्यात आलं. जवळपास पन्नास माणसं, त्यात बायका आणि मुलंही.

शेजारच्या गावांतही त्याच बटालियनच्या तुकड्या होत्या. हुकूम तोच, वेळ तीच. तिथल्या बहुतेक अधिकाऱ्यांनी उशिरा परतणाऱ्यांना मुकाट्याने घरी जाऊ दिलं.

खटला चालला. १९५८ मध्ये न्यायाधीश बिन्यामिन हलेवी यांनी निकालपत्रात लिहिलं की काही हुकूम असे असतात की त्यांच्यावर ‘मनाई’ लिहिलेला काळा झेंडा फडकत असतो. तो दिसायला कायद्याचं शिक्षण लागत नाही, डोळे आंधळे आणि काळीज दगडाचं नसलं म्हणजे झालं. असा हुकूम पाळणं हाच गुन्हा. आजही इस्रायलच्या कायद्यात काळ्या झेंड्याची ही कसोटी मानली जाते. पण निकालाची पुढची गोष्टही सांगायला हवी. दोषी ठरलेल्यांच्या शिक्षा कमी होत गेल्या, १९६० पर्यंत सगळे बाहेर आले. आणि संचारबंदीची वेळ बदलणाऱ्या ब्रिगेडप्रमुखाला? त्याने अधिकार ओलांडले एवढंच सिद्ध झालं, आणि दंड ठोठावला गेला तो एका चिल्लर नाण्याचा.

पश्चिम जर्मनीने १९५५ मध्ये नवं लष्कर उभं केलं तेव्हा हा प्रश्न आधीच सोडवून ठेवायचा प्रयत्न केला. तिथल्या सैनिकांच्या कायद्यात लिहिलंय की माणसाच्या प्रतिष्ठेला बाधा आणणारा हुकूम पाळला नाही तर ती अवज्ञा नाही, आणि गुन्हा घडवणारा हुकूम पाळायचाच नाही. सैनिक म्हणजे गणवेशातला नागरिक, ही त्यामागची धारणा. जवानाला मतदान करता येतं, निवडणुकीला उभं राहता येतं, आणि वरिष्ठांना न विचारता थेट संसदेने नेमलेल्या लष्करी आयुक्ताकडे तक्रार करता येते. युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही १९७६ मध्ये डच सैनिकांच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की माणसाचे हक्क छावणीच्या फाटकाशी संपत नाहीत. हे वरवर लष्कराच्या अंतर्गत कल्याणाचं वाटेल. पण ज्या जवानाला वरिष्ठाने मारलं तरी तोंड उघडायची सोय नाही, तो उद्या चुकीच्या हुकमापुढे कशाच्या बळावर तोंड उघडणार?

पुन्हा सोलकडे. ४ एप्रिल २०२५ ला कोरियाच्या घटना न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य मतांनी यून यांना पदावरून काढलं. न्यायालयाने म्हटलं की संसदेला ठराव वेळेत करता आला तो दोन कारणांनी: नागरिकांनी केलेला प्रतिकार, आणि जवानांनी व पोलिसांनी हुकूम ढिलाईने बजावणं. सर्वोच्च पातळीवरचं न्यायालय सैनिकांच्या ढिलाईची अशी चांगल्या अर्थाने नोंद घेतं, हे मी तरी दुसरीकडे वाचलेलं नाही.

ही ढिलाई कशी दिसत होती, ते सुनावणीत आलेल्या एका साक्षीवरून कळतं. राजधानीच्या संरक्षण दलातल्या एका कर्नलने सांगितलं की मध्यरात्रीनंतर आपल्याला वरिष्ठाचा फोन आला: आत जा आणि खासदारांना बाहेर ओढून काढा. त्याने ते केलं नाही. संसद हान नदीतल्या एका बेटावर आहे, तिथे जायला पूल ओलांडावा लागतो. मागून कुमक येत होती. कर्नलने त्यांना कळवलं, सोगांग पूल ओलांडू नका, तिथेच थांबा.